पाळकसाहेबांच्या उपदेशांची वही

माझा कशावरही पटकन विश्वास बसत नाही, हे आधीच सांगून टाकतो. दूधवाल्याचं माप, रिक्षाचा मीटर, हवामान खात्याचा अंदाज, काहीही असो, मी एकदा तपासून बघणारच. चाकणच्या एका कंपनीत मी तीस वर्षं इन्स्पेक्शनला आहे. समोर आलेला पार्ट चांगलाच असणार असं धरून चालणारा माणूस आमच्या खात्यात टिकत नाही. माझी बायको म्हणायची, तुम्ही स्वर्गाच्या दारात पोचलात तरी आत जायच्या आधी बिजागऱ्या हलवून बघाल. बोलणं खोटं नव्हतं तिचं.

फक्त एका गोष्टीला मी कधी माप लावलं नाही, ती म्हणजे पवित्र शास्त्र. आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. वडील तिथल्या चर्चची घंटा वाजवायचे आणि संध्याकाळी आम्हाला शास्त्र वाचून दाखवायचे. प्रभूने पाच भाकरी हातात घेतल्या, पाच हजार माणसं जेवली आणि वर बारा टोपल्या उरल्या. कसं काय, असं विचारायची सोय नव्हती आणि मला तशी गरजही वाटली नाही. समुद्र दुभंगला म्हणजे दुभंगला. पिंपळे गुरवला फ्लॅट घेतला तेव्हा टेम्पोतलं बाकी सगळं सामान हमालांनी वर नेलं, पण वडिलांचं ते जाडजूड बायबल मी स्वतः छातीशी धरून जिना चढलो.

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या चर्चला नवे पाळकसाहेब आले. वय पस्तिशीच्या आतबाहेर. आधीचे पाळकसाहेब आठवडाभर पांढरा सदरा घालायचे. हे मंगळवारी जीन्स घालून टपरीवर चहा पिताना दिसले. शास्त्र वाचायचे ते मोबाइलवर. तेवढ्यावरून मी काही बोललो नसतो, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. आणि तिसऱ्याच रविवारी त्यांनी नेमका पाच भाकरींवर उपदेश केला.

ते म्हणाले, त्या काळी लांबच्या वाटेला निघालेला माणूस शिदोरी घेतल्याशिवाय निघत नसे. त्या पाच हजारांपैकी कितीतरी जणांच्या बगलेत भाकरी असणारच, पण शेजारचा मागेल म्हणून कोणी गाठोडं सोडत नव्हतं. प्रभूने आपल्यापुढचं थोडंसं सगळ्यांदेखत मोडून वाटलं, तेव्हा लोकांना आपली गाठोडी लपवायची लाज वाटली. काही अभ्यासक ही गोष्ट अशीही वाचतात, आणि माणसाची मूठ सुटणं हा काही लहान चमत्कार नाही, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. अहो, मग चमत्कार राहिला कुठे? आमच्या कँटीनमध्ये रोज दुपारी दहा जण डबे मधे ठेवून जेवतात, ते काय शास्त्रात घालायचं? आज भाकरी गेल्या. उद्या हे म्हणतील प्रभूने कबरेतून उठवलेला लाजर मेलाच नव्हता, नुसता झोपला होता. परवा प्रभूच्याच तिसऱ्या दिवशीच्या रिकाम्या कबरेचाही असाच काहीतरी अर्थ काढतील, आणि मग आम्ही गुडघे टेकायचे ते काय अर्थापुढे? एक नट ढिला सोडला की सगळी असेंब्ली खडखडायला लागते, हे मी रोज बघतो.

दुसऱ्या दिवशी हे सगळं मी माझ्या शेजारी काम करणाऱ्या इन्स्पेक्टरला सांगितलं. तो कुरुळीचा, घरची शेती सांभाळून कंपनीत येणारा, आमच्या धर्माशी त्याचा काही संबंध नाही. त्याने हातातलं काम बाजूला ठेवून माझं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पर मला एक सांगा राव, लोकं जेवली का न्हाई?" जेवली, मी म्हटलं. मग भांडण कशाचं हाय, म्हणाला आणि परत कामाला लागला. याला काय कळणार आमच्यातलं, असं म्हणून मी विषय बंद केला.

पुढच्या रविवारी मी चर्चला वही घेऊन गेलो. आमच्या खात्यात नापास मालाचं एक रजिस्टर असतं. घरी बसून पट्टीने तशाच रेघा मारल्या होत्या: तारीख, बोलणारा, काय बोलला, शास्त्रात काय आहे, निकाल, सही. निकालाच्या रकान्यात तीनच शब्द चालतात. ओके, होल्ड आणि रिजेक्ट. योनाला गिळणारा मासा ही शिकवण देण्यासाठी सांगितलेली कथा असू शकते: होल्ड. सहा दिवसांतली सृष्टी हे स्तुतीचं गाणं आहे, घडल्या कामाचा अहवाल नाही: रिजेक्ट. रिजेक्टला लाल पेन. प्रत्येक ओळीपुढे माझी सही.

आमच्या चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांमधले एक गृहस्थ सांगवीला राहतात. निवृत्त आहेत, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, जुना स्नेह. त्यांना वही दाखवली तर एकदम खूश. नुसती कुरकुर करणारे पुष्कळ आहेत, पुरावा कोणी आणत नाही, म्हणाले. तुम्ही लिहीत राहा, पुरेसं झालं की वरच्या ऑफिसला पाठवू. मला बरं वाटलं. आपण एकटेच डोळ्यांत तेल घालून बसलोय असं नाही, असं वाटलं.

आता यात एक गोम आहे, तीही सांगायला हवी. आमच्या कामाचा पहिला नियम असा, की दोष दिसला तर आधी मशीनवर जायचं, ऑपरेटरला तोंडावर सांगायचं आणि मगच रजिस्टरला चढवायचं. न सांगता परस्पर रिपोर्ट करणाऱ्या इन्स्पेक्टरला शॉप फ्लोअरवर कोणी पाणीसुद्धा विचारत नाही. पाळकसाहेब उपासना संपल्यावर दारात उभे राहून सगळ्यांशी हात मिळवायचे. मला म्हणायचे, "काका, पुरुषांत तुम्ही एकटेच लिहून घेता. माझं कुठे चुकत असेल तर सांगत जा." मी सलाम करून पुढे सटकायचो. गोड बोलून वहीत काय आहे ते काढून घ्यायचा डाव असणार, दुसरं काय?

एकुलती एक मुलगी आहे मला. सत्तावीस वर्षांची. चाकणच्याच दुसऱ्या एका कंपनीत क्वालिटीच्या कागदपत्रांचं ऑडिट करते, म्हणजे माझ्यासारखे लोक जे लिहितात ते खरं आहे का, हे तपासते. तीन वर्षांपूर्वी तिची आई गेली आणि तेव्हापासून तिने चर्चमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं. गॅस संपलाय. बस चुकली. उद्या कामवाली येणार नाही. मी कारण विचारलं नाही. आई गेल्याचा धक्का आहे, होईल नीट, असं स्वतःला सांगत राहिलो. पण दर रविवारी बाकावर माझ्या डावीकडची जागा रिकामी दिसायची आणि मला रडू यायचं. तिने परत तिथे येऊन बसावं, एवढंच मी देवाकडे मागत होतो. घरात माणसं दोन आणि दोघांच्या मधे ही अशी भिंत, याने मी आतून खंगत चाललो होतो.

नाताळच्या आधी तिच्या मैत्रिणीच्या बाळाचा बाप्तिस्मा होता, म्हणून ती आली. शेवटच्या बाकावर, अगदी दाराजवळ बसली. त्या दिवशी पाळकसाहेबांनी प्रभूने आजाऱ्यांना बरं केलं त्या गोष्टींवर उपदेश केला. ते म्हणाले, या गोष्टी प्रभूची माया सांगतात. आपल्या विश्वासाचं वजन करायला दिलेला तो काटा नव्हे. आजारी माणूस उठला नाही म्हणून घरच्यांचा विश्वास कमी पडला, असं जो कोणी म्हणतो तो शास्त्राच्या नावावर क्रूरपणा करतो. मी लिहिलं: विश्वास आणि बरं होणं यांचा संबंध नाकारला. रिजेक्ट. आणि खाली दोन लाल रेघा ओढल्या.

पुढच्या रविवारी मी चपला घालत होतो तर पोरगी आवरून दारात उभी. असं तीन-चार रविवार झालं आणि जानेवारीत ती शेवटचा बाक सोडून माझ्या शेजारी येऊन बसली. मला आनंद झाला, पण माझा स्वभाव कुठे जाणार? वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. या माणसाने नेमकं काय सांगून हिला ओढलं?

उत्तर तिनेच दिलं. उपासनेनंतर चालत घरी येत होतो. रस्त्याला ही गर्दी. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "बाप्तिस्म्याच्या दिवशी मागून बघितलं मी, तुम्ही वाकून लिहीत होता. तो उपदेश तुम्ही लिहून घेतलात म्हणून मी परत आले, पप्पा." आमच्याकडे उपदेश लिहून घेणं ही भक्तीची खूण. महिला मंडळातल्या म्हाताऱ्या वह्याच्या वह्या भरतात आणि त्या उशाशी ठेवून झोपतात. तिने मलाही त्यांच्यातच धरलं होतं. खरं काय ते मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. तीन वर्षांनी माझी पोरगी माझा हात धरून रस्ता ओलांडत होती, आणि तो हात सुटेल म्हणून मी गप्प बसलो.

फेब्रुवारीत तिच्या आईला जाऊन तीन वर्षं झाली. तो रविवारच होता. आम्ही दोघं पहाटेच्या एसटीने गावी गेलो, कबरेभोवतीचं गवत काढलं, फुलं ठेवली. येताना तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोप काढली.

त्यानंतर तरी मी वही बंद करायची की नाही? नाही केली. उलट सांगवीच्या पंचांनी तिच्या झेरॉक्स काढल्या, तक्रारीचं पत्र तयार केलं आणि मी त्याच्याखाली सही ठोकली. हट्ट म्हणा, सवय म्हणा. खरं विचाराल तर मी घाबरलो होतो. हा माणूस म्हणतो ते बरोबर असेल, तर बायको दवाखान्यात असताना गुडघे टेकून मी अकरा दिवस काय बोलत होतो आणि कोणाशी? ते अकरा दिवस माझ्याकडून कोणी काढून घेऊ नयेत, असं मला वाटत होतं.

मे महिन्यात पाळकसाहेबांच्या बदलीचं पत्र आलं. का, कशामुळे, ते मंडळीला कोणी सांगितलं नाही. पंचांचा मला फोन आला, झालं एकदाचं काम, म्हणून. मी बाल्कनीत जाऊन तो घेतला. आत येतो तर मुलीलाही बातमी कळलेली, डोळे पुसत बसली होती. मग म्हणाली, "रविवारी निरोपाच्या कार्यक्रमात मी साक्ष देणार आहे, परत कशी आले ते सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुमची वही द्या ना पप्पा. त्यांचे उपदेश त्यातूनच वाचून दाखवते."

देतो म्हटलं. शुक्रवारी देतो, जरा अक्षर नीट करतो.

शुक्रवारी मी आजारपणाची रजा टाकली. ती कंपनीत गेली तसा कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी वही आणली आणि लिहायला बसलो. ऑडिटच्या आदल्या दिवशी महिन्याभराच्या रीडिंगच्या शीट एका बैठकीत भरणारी पोरं मी आयुष्यभर फैलावर घेतली आहेत. खोट्या शीटपेक्षा कोरी शीट परवडली, हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल. आणि आता अठ्ठावन्नाव्या वर्षी पंखा लावून तेच करत होतो. जूनपासूनचा एकेक रविवार घ्यायचा, पाळकसाहेब काय बोलले ते आठवायचं, निकालाचा रकाना गाळून सुवाच्य अक्षरात उतरवायचं. नवल म्हणजे सगळं आठवत होतं. रागाने ऐकलेलं माणूस विसरत नाही. संध्याकाळपर्यंत एकही रविवार कोरा न सोडता वही भरली.

ती घरी आली, हात धुतले, वही घेऊन टेबलाशी बसली. पहिलं पान कौतुकाने वाचलं. दुसरं, तिसरं. मग तिचं वाचणं थांबलं आणि बघणं सुरू झालं. मला ते लगेच कळलं, कारण मीही कागद तसाच बघतो. तिने पान उजेडाकडे धरलं, बोटाने शाई घासून पाहिली, मागची पुढची पानं उलटली.

"हे एका बैठकीत लिहिलंय," ती म्हणाली.

मी अक्षर, कच्चं-पक्कं असं काहीतरी पुटपुटलो. ती ऐकतच नव्हती. एका तारखेवर बोट ठेवून बसली होती. फेब्रुवारीतला रविवार. त्याच्यापुढे मी चार ओळींचा सुंदर उपदेश लिहिला होता.

"या दिवशी आपण मम्मीकडे होतो, पप्पा."

बंद मशीनचं रीडिंग शीटवर सापडलं की तिथे ऑडिट संपतं. आणि बायकोच्या कबरेवरचं गवत काढलं त्या दिवसाचं खोटं रीडिंग मी लिहून बसलो होतो. तिने आवाज न चढवता विचारलं, खरी वही कुठे आहे. कपाटात, वडिलांच्या बायबलमागे. मी काढून दिली. आणखी काय करणार होतो?

तिला रकाने समजावून सांगायची गरज नव्हती. उभ्याउभ्याच चाळत गेली. होल्ड, रिजेक्ट, रिजेक्ट, होल्ड, प्रत्येकापुढे बापाची सही. मधेच तक्रारीच्या पत्राची झेरॉक्स राहिली होती, ती तिने वाचली आणि परत तिथेच ठेवली. बदली कशाने झाली ते तिला तिथे समजलं. दोन लाल रेघांच्या पानावर आल्यावर तिने त्या रेघांवरून बोट फिरवलं. मग वही घेऊन खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

रविवारी ती निरोपाला आली, पण माझ्याबरोबर नाही. दाराजवळच्या त्याच शेवटच्या बाकावर बसली. साक्ष दिली नाही. हार झाले, फोटो झाले, बटाटेवडे झाले. दारात पाळकसाहेबांनी माझा हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरला आणि म्हणाले, वही सोडू नका काका, चालू ठेवा. त्यांना माहीत होतं की नव्हतं, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. चेहऱ्यावरून तरी काही थांग लागत नव्हता.

पुढचे चार दिवस घरात पुन्हा गॅस आणि कामवाली. गुरुवारी मी पहिली शिफ्ट करून आलो तर वही टेबलावर होती. मला वाटलं, फाडली असेल. नव्हती फाडली. माझ्या शेवटच्या नोंदीखाली तिच्या अक्षरात एक ओळ वाढली होती. तारीख तिची आई जायच्या आदल्या दिवसाची. बोलणारा: पप्पा. काय बोलला: तू मनापासून प्रार्थना केली असतीस तर तुझी आई उठली असती. पुढचे तीन रकाने कोरे होते.

म्हटलं होतं मी. आयसीयूच्या बाहेर, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगेसमोर. डॉक्टर आशा नाही सांगून गेले होते आणि पोरगी भिंतीला टेकून मोबाइलमध्ये बघत होती. कोणत्या तरी औषधाचं शोधत असणार बिचारी. आमच्या रिपोर्टमध्ये कारणाचा रकाना कोरा सोडता येत नाही. माल नापास झाला तर कोणामुळे झाला ते लिहावंच लागतं. देव चुकत नाही, मी अकरा दिवस गुडघ्यावर होतो, मग उरलं कोण? ते वाक्य मी तिच्या तोंडावर फेकलं आणि विसरून गेलो. पाळकसाहेबांचं वर्षभरातलं एक वाक्य माझ्या वहीतून सुटलं नाही, आणि माझं हे एक वाक्य तीन वर्षं ती एकटी वागवत होती.

शास्त्राचा रकाना भरायला मी वडिलांचं बायबल उघडलं. माझ्या बाजूची वचनं मला हवी तेवढी सापडली असती. मोहरीच्या दाण्याएवढ्या विश्वासाने डोंगर हलतो असं कुठे आहे, ते मी डोळे मिटून काढून देईन. पाच भाकरी पाच हजारांना पुरल्या, असं मी आजही मानतो, आणि शिदोऱ्यांची गोष्ट मला अजूनही पटलेली नाही. पण त्या ओळीपुढे एकसुद्धा वचन लिहायला हात धजेना. तो रकाना कोराच ठेवला. लाल पेन काढलं, निकालात रिजेक्ट लिहिलं आणि पुढे सही केली.

आणि या खेपेला रजिस्टरला चढवून थांबलो नाही. तिच्या कंपनीची बस संध्याकाळी सव्वासहाला नाशिक फाट्याला येते. मी चपला घातल्या आणि तिला तोंडावर सांगायला निघालो.